गुडघ्याला एक्स्पायरी डेट कशी?

प्रश्न : आईच्या दोन्ही गुडघ्यांचं रिप्लेसमेंट नुकतंच झालं. डिस्चार्जच्या फाइलमध्ये गुडघ्याच्या भागांची स्टिकरं चिकटवून दिली आहेत. त्यांवर वाळूच्या घड्याळाचं चिन्ह आणि शेजारी तारीख आहे. धातूला आणि प्लास्टिकला एक्स्पायरी डेट कशी असू शकते? ती तारीख उलटली की आईच्या पायातला गुडघा बाद होणार का? त्याच स्टिकरवर 'स्टराइल आर' असं छापलंय. त्यातला 'आर' म्हणजे रेडिएशन, असं भाच्याने सांगितल्यापासून आई धास्तावली आहे. आणखी एक. वॉर्डात सिस्टर सिरिंजची पाकिटं फोडायच्या, त्यांची एक बाजू प्लास्टिकची आणि दुसरी चक्क कागदाची. कागदातून हवा जाते, मग जंतू जात नाहीत? आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या स्टेंटचं पाकीट मात्र चांदीसारख्या चकचकीत कागदाचं होतं. एवढा फरक कशासाठी?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : सगळ्यात आधी आईंना धीर द्या. ती तारीख पायातल्या गुडघ्याची नाही, पाकिटाची आहे. 'या तारखेच्या आत पाकीट उघडून आतली वस्तू वापरा' एवढाच वाळूच्या घड्याळाचा अर्थ. ऑपरेशनच्या दिवशी पाकीट मुदतीत होतं ना? मग त्या तारखेचं काम तिथेच संपलं. गुडघा पुढे किती वर्षं टिकेल हे चालण्या-बसण्यावर, वजनावर, हाडावर आणि सर्जनच्या हातावर ठरतं. स्टिकरवरच्या तारखेशी त्याचा काही संबंध नाही.

पण तुमचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. धातू नासत नाही, प्लास्टिक आंबत नाही, मग मुदत कसली? याचं उत्तर पाकिटात आहे. म्हणून तुम्ही शेवटी विचारलेला कागदाचा प्रश्न मी आधी घेतो. तो सुटला की बाकीचे तीन सोपे होतात.

सिरिंज प्लास्टिकची असते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटं ठेवायची म्हटलं, तर उष्णता न सोसणारे तिचे भाग वाकडे होतील. त्यामुळे कारखान्यात अशा बऱ्याचशा वस्तू एथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूने निर्जंतुक करतात. हॉस्पिटलांत याला सगळे 'ईटीओ' म्हणतात आणि पाकिटावर 'स्टराइल ईओ' असं छापलेलं असतं. सिरिंज आधी पाकिटात सीलबंद करायची, पाकिटं खोक्यांत भरायची आणि खोकी बंद चेंबरमध्ये ठेवायची. मग हवा ओढून घ्यायची, थोडा दमटपणा द्यायचा आणि वायू सोडायचा. जंतूंच्या पेशींतल्या डीएनएला आणि प्रथिनांना हा वायू चिकटतो आणि त्यांचं कामकाज ठप्प करतो. पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची. वायू विषारी आहे, कर्करोगालाही कारण ठरतो. त्यामुळे काम झाल्यावर तो पाकिटातून पुरता बाहेर काढावा लागतो.

म्हणजे पाकीट सीलबंद हवं, तरी त्यातून वायू आत जायला हवा आणि परत बाहेरही यायला हवा. दोन्ही बाजू प्लास्टिकच्या ठेवल्या तर हे जमणार नाही. म्हणून एक बाजू कागदाची. कागद कंजुषीपायी लावलेला नाही.

वायूचा अंश मागे राहणं किती गंभीर मानलं जातं, हे मुलुंडकरांना आठवत असेल. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्यात २००७ मध्ये बेबी पावडरच्या काही बॅचेस याच वायूने निर्जंतुक केल्या गेल्या. वायू मागे उरला का, याची चाचणी केली नाही, या कारणावरून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. वाद पावडरचा असला, तरी सिरिंजच्या कारखान्यातही नियम तोच : वायू वापरलात, तर तो निघून गेला हे दाखवून द्या.

आता जंतूंकडे येऊ. गंमत अशी की या कागदातली काही छिद्रं जंतूपेक्षा मोठी असतात. तरी जंतू आत येत नाही, कारण छिद्र म्हणजे आरपार भोक नव्हे. कागद हा तंतूंचा गुंता असतो आणि आत जाणारी वाट प्रत्येक थराला वळण घेते. हवेचे रेणू हलके, ते वळणं घेत पार होतात. जंतू सहसा एकटा फिरत नाही, तो धुळीच्या किंवा त्वचेच्या कणावर बसून येतो. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता डोक्यावर गोणी घेऊन शिरलेल्या माणसाचं जे होतं, तेच या कणाचं होतं. गर्दीत जागा आहे, पण वळायला नाही, आणि पहिल्या दोनचार थरांतच तो अडकून बसतो.

मात्र ही सगळी मांडणी कोरड्या कागदासाठी आहे. कागद ओला झाला की पाणी तंतूंमधून झिरपतं आणि जंतूंना आयती वाट मिळते. म्हणून ओलं झालेलं पाकीट नंतर वाळलं, तरी ते बादच. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, कपाटांना बुरशीचा वास लागतो. घरी रुग्णासाठी आणलेले कॅथेटर, ड्रेसिंग, सिरिंज बाथरूमजवळच्या कपाटात ठेवू नका. पाकिटांची चळत रबरबँडने आवळूनही ठेवू नका, घडीवर बारीक चिरा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

महागड्या वस्तूंच्या पाकिटावर कागदासारखं दिसणारं, पण हाताने न फाटणारं काहीतरी असतं. त्याचं नाव टायव्हेक. १९५५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत एका नळीतून पॉलिथिलीनचे पांढरे तंतू पिंजून बाहेर पडताना जिम व्हाइट या संशोधकाला दिसले आणि १९६७ मध्ये त्याचा माल बाजारात आला. तंतू एचडीपीईचे, म्हणजे आपल्या बादल्या-डब्यांच्याच घराण्यातले. साधा कागद ओढून फाडला की त्याचे तंतू उडतात. ऑपरेशन टेबलावर उघड्या जखमेशेजारी असे तंतू उडणं कुणालाच नको असतं. टायव्हेक सोलून काढलं की सरळ निघतं, कुसळ सोडत नाही. कारखान्याने पाकिटाच्या एका टोकाला जो कोन काढून ठेवलेला असतो तो त्यासाठीच. तिथून सोलायचं, मधून फाडायचं नाही. आईंच्या गुडघ्याचे भाग दोन पाकिटांत, एकात एक, बंद असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये बाहेरचं पाकीट एक सिस्टर उघडते आणि आतल्याला हात न लावता पुढे धरते. हात निर्जंतुक करून हातमोजे घातलेली दुसरी सिस्टर आतलं पाकीट तेवढं उचलून घेते. दोघींचे हात एकमेकींना लागत नाहीत. हे दोन सेकंदांचं काम दिसायला किरकोळ, पण कारखान्यात घेतलेली सगळी मेहनत तिथे वाया जाऊ शकते.

आता रेडिएशन. 'स्टराइल आर' म्हणजे वस्तू किरणांनी निर्जंतुक केली आहे, ही भाच्याची माहिती बरोबर. आई जे त्यातून समजल्या ते मात्र चुकीचं. किरणांखालून गेलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट-६० मधून जे गॅमा किरण निघतात, त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही असते. जंतूच्या डीएनएची साखळी तोडायला ती भरपूर आहे, पण धातूच्या किंवा प्लास्टिकच्या अणूचं केंद्रक बदलायला पुरत नाही. केंद्रक बदललं नाही तर वस्तू किरणोत्सारी कशी होणार? खोकं यंत्राबाहेर आलं की किरणांचा विषय संपला.

हे काम आपल्या देशात पहिल्यांदा तुमच्याच बाजूला सुरू झालं. घाटकोपरहून मानखुर्द ओलांडून तुर्भ्याकडे, म्हणजे ट्रॉम्बेकडे, गेलं की भाभा अणुसंशोधन केंद्र लागतं. तिथे १९७४ मध्ये 'आयसोमेड' हा वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा प्रकल्प सुरू झाला. पुढे १९८९ मध्ये 'ब्रिट' या नावाची स्वतंत्र संस्था झाली आणि आयसोमेड तिच्याकडे गेला. अशा प्रकल्पात जाड काँक्रीटच्या भिंतींच्या आत कोबाल्टचा स्रोत असतो आणि त्याच्याभोवती बंद खोकी फिरत जातात. खोकं उघडावं लागत नाही, उष्णता लागत नाही, मागे वायूही उरत नाही. साधारण २५ किलोग्रे एवढी मात्रा देतात. आईंना आंबा आवडत असेल तर त्यांना हेही सांगा : अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या हापूसला २००७ पासून लासलगावच्या 'कृषक' केंद्रात असेच गॅमा किरण दिले गेले. तिथे मात्रा ०.४ किलोग्रे, म्हणजे इथल्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास. मग कोयीतल्या भुंग्याचं भय उरत नाही. तो आंबा लोक मिटक्या मारत खातात.

मग गुडघ्याच्या मुदतीचं काय? इथे खरी गोष्ट सुरू होते. ती किरणांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही थोडी अडचणीची आहे.

कृत्रिम गुडघ्यात वरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमचा असतो, खालची तबकडी टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमची, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकची गादी बसते. सर्जन तिला 'पॉली' म्हणतात. हे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन आहे. त्याच्या साखळ्या एवढ्या लांब असतात की ते वितळून साच्यात ओतता येत नाही, दाबून घडवावं लागतं. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिलं, ते भराभर झिजलं. मग १९६२ मध्ये ते या प्लास्टिककडे वळले आणि आजच्या सगळ्या सांधेरोपणाचा पाया तिथे पडला.

या पॉलीला अनेक वर्षं साध्या हवेत, हवा जाऊ देणाऱ्या पाकिटात ठेवून गॅमा किरण देत असत. जंतू मरत होते, कुणाची तक्रार नव्हती. पण किरण फक्त जंतूंच्या साखळ्या तोडत नाहीत, प्लास्टिकच्याही तोडतात. तुटलेली टोकं अस्थिर राहतात. त्यांना ऑक्सिजन मिळाला की ती त्याला धरतात आणि प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं. ही क्रिया शरीरात गेल्यावर सुरू होते असं नाही. ती गोदामातल्या फळीवरच, पाकिटात बंद असताना, चालू असते. त्यामुळे कारखान्यातून लगेच बसवलेला गुडघा बरा चाले आणि काही वर्षं फळीवर पडून राहिलेल्याच्या पॉलीचे पापुद्रे निघत. सुरुवातीला दोष सर्जनच्या हाताला दिला गेला, डिझाइनला दिला गेला, रुग्णाच्या वजनालाही दिला गेला. काढलेल्या पॉलीच्या कापात पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरा पट्टा दिसायचा. तो ऑक्सिडेशनचा पुरावा होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा हिशेब पुरता उलगडला.

उपाय काय निघाला? पहिला उपाय प्लास्टिकमध्ये नव्हता, पाकिटात होता. पॉली हवा न जाऊ देणाऱ्या, आतून निर्वात केलेल्या किंवा नायट्रोजन-आर्गॉन भरलेल्या पाकिटात ठेवायची आणि मग किरण द्यायचे. ऑक्सिजन नाही तर ठिसूळपणा नाही. सिरिंजच्या पाकिटाला जो गुण लागतो, म्हणजे हवा ये-जा करू देणं, तोच पॉलीच्या पाकिटाचा सगळ्यात मोठा दोष ठरला. वस्तू, तिचं साहित्य, निर्जंतुक करण्याची रीत आणि पाकीट ही चारही एकत्रच ठरवावी लागतात, हे सांधे बनवणाऱ्यांना रुग्णांच्या झिजलेल्या गुडघ्यांनी शिकवलं. मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाकीट ही शेवटी गुंडाळायची गोष्ट आहे, हा समज अजून सुशिक्षितांतही आहे.

पुढे प्लास्टिकही सुधारलं. किरणांचा जास्त डोस देऊन साखळ्या मुद्दाम एकमेकींत गुंतवायच्या, मग तापवून अस्थिर टोकं शांत करायची, अशी पॉली १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. ती कमी झिजते. नंतर तिच्यात ई जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात झाली. ते ऑक्सिडेशन रोखतं. ते मिसळल्यामुळे पॉलीची गादी शुभ्र न दिसता किंचित पिवळसर दिसते. कुणाला ती जुनाट माल वाटेल, पण गोष्ट नेमकी उलट आहे.

आता मुदत ठरते कशी, ते पाहा. पाकिटाचं सील टिकतं का आणि आतली वस्तू बदलते का, या दोन्ही गोष्टी तपासतात. पाच वर्षं वाट पाहायला कुणाला वेळ नसतो, म्हणून पाकिटं गरम कपाटात ठेवतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक बदल साधारण दुप्पट वेगाने होतो, असं धरलं जातं. खोलीचं तापमान २५ अंश मानलं तर ५५ अंशांना वेग आठपट. म्हणजे एका वर्षाचं वय सुमारे ४६ दिवसांत आणि पाच वर्षांचं साडेसात महिन्यांत. मग पाकिटं खाली टाकतात, ट्रकमध्ये बसतील तसे हादरे देतात, सीलच्या कडेला रंगीत द्राव सोडून तो आत पाझरतो का पाहतात. त्याच वेळी काही पाकिटं खऱ्याखुऱ्या वेळेनिशी फळीवर ठेवलेली असतात. या सगळ्यांत जेवढी मुदत सिद्ध झाली तेवढीच स्टिकरवर येते. म्हणजे वाळूच्या घड्याळाचा अर्थ 'यानंतर ती वस्तू खराब होते' असा नसून 'यापुढची खात्री आम्ही तपासलेली नाही' असा आहे. तरीही मुदत संपलेलं पाकीट वापरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

काकांच्या स्टेंटचं चांदीचं पाकीट आता तुम्हीच ओळखाल. पूर्वीच्या स्टेंटच्या तारा १३०-१४० मायक्रॉन जाड असत, हल्ली कोबाल्ट-क्रोमच्या ६० ते ८० मायक्रॉनच्या असतात. वापीच्या आणि सुरतच्या कंपन्याही अशा पातळ तारांचे स्टेंट बनवतात. तारेवर औषधाचा पातळ थर असतो. ते औषध बहुधा सिरोलिमस किंवा त्याच्याच कुळातलं असतं. धमनीच्या भिंतीची वाढ रोखून ती पुन्हा बुजू नये, हे त्याचं काम. तार नासत नाही, पण औषध ऑक्सिजनने आणि दमटपणाने खराब होतं, आणि गॅमा किरणही त्याला सोसत नाहीत. म्हणून स्टेंट आधी हवा जाऊ देणाऱ्या पाकिटात घालून ईटीओ करतात, वायू काढून टाकतात, आणि मग ते पाकीट ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बंद करतात. आतलं पाकीट श्वास घेणारं आणि बाहेरचं श्वास कोंडणारं, अशी जोडी. आत बहुधा दमटपणा शोषणारी पुडीही असते. ती फेकण्याआधी 'हे औषध आहे का' असं विचारणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. नाही, ते औषध नाही.

दोन गैरसमज जाता जाता. पाकिटावरचा ठिपका पिवळ्याचा लाल झाला, किंवा ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणजे आतली वस्तू निर्जंतुक झाली असं नव्हे. पाकीट त्या प्रक्रियेतून गेलं, एवढंच त्यावरून कळतं. प्रक्रिया पुरेशी झाली की नाही हे वेगळ्या तपासण्यांवरून ठरतं. दुसरं, वर्तुळात '२' लिहून त्यावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह. ते 'दोन नग नाहीत' असं सांगत नसून 'दुसऱ्यांदा वापरू नका' असं सांगतं. घरी उकळलेल्या सिरिंजच्या आठवणी आपल्या आईवडिलांना आहेत, पण त्या काचेच्या होत्या. प्लास्टिक आणि त्यावरचा लेप उकळण्यासाठी बनवलेले नसतात.

आता तुमच्या फाइलमधल्या स्टिकरांबद्दल थोडं, कारण ती बहुतेक घरांत हरवतात. २०१० मध्ये डीप्यू कंपनीने 'एएसआर' नावाचे खुब्याचे सांधे जगभरातून परत मागवले. भारतात त्यांच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या समितीने नंतर शोध घेतला, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. स्टेंटच्या बाबतीत २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने किमतीवर मर्यादा घातली (औषधी स्टेंट २९,६०० रुपये, बिनऔषधी ७,२६०), तेव्हा बिलावर ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहिण्याचंही बंधन आलं. तेव्हा आईंच्या स्टिकरांचे मोबाइलवर फोटो काढा, लॉट नंबर नीट वाचता येतो का ते पाहा, आणि एक प्रत भावंडांपैकी कुणाकडे तरी ठेवा. काकांनाही त्यांच्या स्टेंटचं स्टिकर शोधायला सांगा. सापडलं नाही तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून त्याची नोंद मागता येते.